मांजरीचे कान

छत्रीबागेतल्या मेडिकलमध्ये उभा राहून मी मुलीला फोनवर झापत होतो. ती पुण्यात शिकते आणि पुन्हा नापास झाली होती. आमच्या घरात झापायचं काम माझ्याकडेच आहे. तिनं मधेच फोन कापला.

काउंटरपाशी शेजारी उभ्या असलेल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "मुलीचे कान टोचले वाटतं? मी पण रोज टोचते. मांजरीचे."

मी वळून बघितलं. त्यांनी शुगर मोजायच्या पट्ट्यांची डबी दाखवली. मांजरीला डायबिटीस होता आणि रक्ताचा थेंब कानाच्या कडेतून काढावा लागायचा.

"चिडत नाही ती?"

"पहिले खूप चिडायची, भिया. मी सीधी सुईच लावायची ना! ठंड्या कानातून खून निघतच नाही. आता पहिले कान चोळून गरम करते, थोडी बातचीत करते, मग टोचते. बसून राहते बिचारी."

सांगताना त्या स्वतःच्याच कानाची पाळी चोळत होत्या. मग डबी पिशवीत टाकून निघून गेल्या.

मी पुन्हा फोन लावला.

"जेवलीस का गं?"

"नाही," ती म्हणाली. पण या वेळी फोन कापला नाही.