धोंडा कोणत्या रकान्यात

मामंजी आधी मारायचे आणि मग विचारायचे. माझे सासरे गावचे पोलीस पाटील होते. हातात कायम आखणीचा काळा रूळ. त्याच रुळाने कागदावर रेघा मारायचे आणि त्याच रुळाने माणसांच्या पाठीवरही. खालापूरकडे डोंगराच्या कडेला आमचं गाव. मी नवरी म्हणून दारात आले तेव्हा अंगणात ते गावातल्या दोघा भावांना बडवत होते. भाऊ एकमेकांची डोकी फोडायला निघाले होते. मला बघून म्हणाले, "ये गं पोरी, घाबरू नको. हे आमचं रोजचंच हाय." मी घाबरलेच. पुढेही घाबरत राहिले, पण सासरी त्यांच्याइतकं मला दुसरं कोणी आवडलं नाही.

लोक भांडण घेऊन यायचे आणि एका दमात सगळं ओतायचे. रामा, कोयता, माझी बायको, तिचा हात, त्याची आई, त्याचा बैल, बांध, शिव्या. मामंजी ओरडायचे, "थांब रं! पोतं फाटल्यावानी सांडू नको. तू थांबशील तिथं मी रेघ मारीन." मग कागदावर उभे रकाने आखायचे. मारणारा, कशानं, कोणाला, कुठं. एकेक शब्द उचलून ज्याच्या त्याच्या रकान्यात ठेवायचे. बैलाला आणि आईला रकाना नसे. कोणी हटून बसलाच तर म्हणत, "बैल कुठं घालू, तुज्या डोक्यावर?" रडत आलेला माणूसही हसायचा. "एका वळीत लिवलं तर सगळेच मारनारे दिसतात," असं ते मला सांगायचे.

डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तसं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. माझे मालक मुंबईला गिरणीत, धाकटे दीर गोविंदभावोजी शाळेतून कायमचे पळालेले. चौथी झालेली मी एकटीच. परक्या माणसांसमोर मला यायचं धाडस नव्हतं, म्हणून दाराआड बसून लिहायचे. एकदा मी कोयता मारणाऱ्याच्या रकान्यात लिहिला. त्यांनी कागद डोळ्यांशी धरून बघितला आणि सटकन बोटांवर रूळ बसला. "कोयता आपनहून चालत गेला काय गं?" संध्याकाळी बोटांना हळदही त्यांनीच लावली. वर म्हणाले, "चौथी म्हंजे आमच्यात तू कलेक्टर."

एका वर्षी भाताच्या लावणीला खाचराच्या पाण्यावरून गोविंदभावोजींचं आणि शेजारच्या महादूचं जुंपलं. महादूचं कपाळ फुटलं, जबडा मोडला. टेंपोत घालून त्याला दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी हवालदार आमच्या ओटीवर आला.

"पाटील, महादू गेला. धड बोलता येत न्हवतं त्याला. एवढंच बोलला, तसंच लिवून घेतलंय."

त्याने दिलेला कागद आत घेऊन मी ती ओळ वाचून दाखवली. 'गोविंदा, धोंडा, कपाळ.'

"दोन नावं हायेत," हवालदार म्हणाला. "धोंडा तुमचा गडी ना?"

आमच्या गड्याचं नाव धोंडाच. आणि शेतातल्या दगडालाही आमच्याकडे धोंडाच म्हणतात.

गोविंदभावोजी लगेच बोलले, "धोंड्यानंच मारला. मी सोडवाया गेलतो."

"व्हय, त्योच मुलखाचा तापट," सासूबाई म्हणाल्या. धोंड्याने कधी कुत्र्यालाही हाड म्हटलेलं नव्हतं.

धोंडा ओटीखाली चिखलाच्या पायांनी उभा होता. "पाटीलबाबा, माज्या हातात रोपांची मूठ व्हती. मी पल्याडच्या बांधावर व्हतो. मला फाशी देतील वो."

मामंजी उठले. भावोजींची मान धरून त्यांनी त्यांना खांबावर आपटलं. "धोंडा मानूस का दगड?" रूळ पाठीवर बसला. "मानूस का दगड, बोल!" मग तोंडावर बसला. ओठ फाटला, दात जमिनीवर पडला. हवालदारच मध्ये पडला, "पाटील, माराल दुसरा!" मामंजींनी त्यालाही ढकलून दिलं. शेवटी भावोजी किंचाळले, "दगड! दगड व्हता, आबा! माज्या हातातला दगड!"

मामंजी धपकन खाली बसले. रुळाला रक्त लागलं होतं. "लिव गं. मारनारा, गोविंदा. कशानं, धोंडा."

सासूबाईंनी धावत येऊन माझे केस धरले, डोकं दारावर आदळलं. "लिवू नको रांडे! लेकरू हाय माजं!"

"माजं नाय काय?" मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी लिहिलं. धोंडा दुसऱ्या रकान्यात गेला आणि सुटला. त्याने मामंजींच्या पायांवर लोळण घेतली, तर त्यांनी त्याला लाथ घातली. "ऊठ, रोपं वाळतात तिकडं."

जिल्ह्याच्या कोर्टात भावोजी कबूल झाले आणि त्यांना लांबची सजा लागली. सासूबाई त्यानंतर मामंजींशी बोलल्या नाहीत. मांजरीला सांगायच्या, "मांजरे, सांग त्याला, भाकर वाढली." मामंजीही म्हणत, "मांजरे, सांग तिला, कालवनात मीठ नाय." हसावं की रडावं मला कळत नसे. त्यांनी कोणावर हात उचलणंही हळूहळू सोडलं. भांडणारे येत, एका दमात ओतत, आणि मामंजी नुसते ऐकत बसत.

भावोजी सुटून आले ते घरी आलेच नाहीत, दहिवलीला खोली घेऊन राहिले. मामंजी गेल्याचा निरोप गेला तेव्हा आले, पण अंगणात हाताची घडी घालून उभे राहिले. तिरडी बांधून झाली, माणसं खोळंबली. "ज्यानं मला आत टाकला त्याला मी खांदा देनार नाय," ते म्हणाले.

सासूबाई मढ्यापासून उठल्या. चुलीजवळचं लाकूड उचललं आणि भावोजींच्या खांद्यावर हाणलं. पुन्हा हाणलं. "माज्या मालकानं खरं लिवलं! मी नाय बोलले त्यांच्याशी, ते माजं अन् त्यांचं. तू कोन रं मुडद्या? उचल!"

कोणी त्यांना धरलं नाही.

गोविंदभावोजींनी तिरडी डाव्या खांद्यावर घेतली. उजवा वर होत नव्हता.