प्राध्यापकांची आबेली

प्राध्यापकांची कुणी आबेली नावाची बाई आहे आणि तिच्यापायीच वहिनी माहेरी गेल्या, अशी गल्लीभर कुजबुज होती. त्यांच्या मोलकरणीने ते नाव स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं म्हणे.

अहो, बाई ठेवायला अंगात धमक लागते! हा दिवटा जन्मभर सान्त, म्हणजे मोजक्याच घटकांची, बीजगणितं उसवत बसलेला. त्याचा लाडका नियम असा: दोन गोष्टींची अदलाबदल करून एका ठिकाणी फरक पडला नाही, तर दुसऱ्या ठिकाणीही पडत नाही. हा नियम पाळणारं बीजगणित म्हणजे आबेली.

त्या दिवशी वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. “अहो, तुमची पाठ वळली की सासूबाई मला टाकून बोलतात. आपण वेगळं राहू या.”

“माझ्यासमोर आई तुझ्याशी आणि माझ्या ताईशी सारखंच बोलते ना?”

“तुमच्यासमोर बोलतात हो!”

“मग माझ्यामागेही सारखंच बोलणार. आपलं घर आबेली आहे!”

वहिनींनी बॅग भरली. शहाणा दारात उभा राहून म्हणतो, “पण चूक कुठे आहे ते तर दाखव!”

आबेली ही बाई नव्हती, गणितातला गुणधर्म होता. वहिनी सासूच्या जाचाने माहेरी गेल्या.