बाईसाहेबांना पाजलेला रस

माझ्या मामाच्या जुन्या मोटारीला मी एकदा दहा लिटर उसाचा रस पाजला. आलं-लिंबू घातलेला होता. बर्फसुद्धा होता.

कुणाचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, माझा मामावर राग नव्हता. उलट आज मी जो काही आहे तो मामामुळं. सातवीत शाळा सुटली (शाळेनं सोडली म्हणा), तेव्हा मामानं मला उचललं आणि थेट तमिळनाडूत, तिरुचीला, आपल्या गलाईच्या दुकानात नेऊन बसवलं. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. विट्याकडची कितीतरी माणसं याच धंद्यापायी मुलूखभर पांगली आहेत. मामानं मला भट्टी शिकवली, तमिळ शिकवलं, लग्न लावून दिलं. आता मामा सांगलीत बंगला बांधून राहतो आणि तिरुचीचं दुकान मी बघतो. अशा माणसाचं मी काय वाईट चिंतणार? पण ज्याच्यावर एवढे उपकार आहेत त्याला स्वस्थ बसवत नाही. संधी मिळेल तिथं काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. सगळं तिथंच बिघडलं.

सांगलीला स्थिरावल्यावर मामानं एक विलायती मोटार घेतली. वयानं मामापेक्षा मोठी, रंगानं सायीसारखी, पुढं परातीएवढे दोन दिवे. मामा तिला 'बाईसाहेब' म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. "बाईसाहेब दमल्यात, जरा सावलीला घेऊ." मामीला त्यानं उभ्या जन्मात 'ए' सोडून काही म्हटलं नव्हतं, त्यामुळं मामीचं आणि बाईसाहेबांचं फारसं पटत नव्हतं.

मोटारीपाठोपाठ क्लब आला. सांगली-साताऱ्याकडच्या जुन्या मोटारवाल्यांचा क्लब. महिन्यातून एकदा जमायचं, एकमेकांच्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालायचं, "वा" म्हणायचं आणि नाश्ता करायचा. बाकीच्यांच्या गाड्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेल्या. मामाची एकट्याची विकत घेतलेली. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, पण "तुमची कुठनं आली हो?" असं दर खेपेला कुणीतरी नव्यानं विचारायचं. त्यात दोन सहलींत बाईसाहेब वाटेतच बसल्या आणि ट्रॅक्टरला बांधून घरी आणाव्या लागल्या. क्लबाचा नियम एकच, गाडी स्वतःच्या इंजिनावर पोचली पाहिजे. अध्यक्ष होते कर्नलसाहेब, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मामाला शांतपणे सांगितलं, "पाटील, लास्ट चान्स. या वेळी ट्रॅक्टर दिसला तर मेंबरशिप खतम."

त्यानंतर मामाची झोप उडाली, आणि मामाची उडाली म्हणून तिरुचीत बसून माझीही.

या वेळची सहल सांगली ते सातारा, पण आतल्या रस्त्यानं. विटा, कडेगाव, कऱ्हाड करत. मी गावच्या जत्रेसाठी रजा काढून आलो होतो. मामा म्हणाला, "भाचं, तू माझ्या शेजारी बस, मामी मागं बसंल. तुझं काम एकच. पाण्याचे दोन कॅन भरून ठिवायचे. बाईसाहेबांना चढाला तहान लागती. आन् अंगावर धूळ दिसली न्हाई पायजे."

नीट बघितलं तर ही दोन कामं होती. मी दोन्ही मनापासून केली, हीच चूक.

विट्याला सगळे चहाला थांबले. बाईसाहेबांच्या अंगावर धुळीचा थर. मामा हॉटेलात कर्नलसाहेबांसमोर अवघडून बसला होता. मी नळ शोधला, मिळाला नाही. कॅन हाताशी होते. एका कॅननं गाडी धुतली. वाळल्यावर पाण्याचे डाग दिसायला लागले, म्हणून दुसऱ्या कॅननं परत धुतली. मामा बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मामानं पाठीवर हात ठेवायची ही दुसरी वेळ. पहिली तिरुचीच्या स्टेशनवर. अशा वेळी 'मामा, कॅन रिकामे झालेत' हे कुणाच्या तोंडून निघेल? म्हटलं, पुढं भरू.

पुढं कडेगाव, म्हणजे मामीचं माहेर. तिच्या भावाचं गुऱ्हाळ रस्त्यालाच. तो कॅन घेऊन उन्हात उभाच होता, कर्नलसाहेबांना भेट म्हणून ताजा रस द्यायला. मी पाण्यासाठी उतरणार तोवर मामा खेकसला, "बस खाली. बाकीच्या गाड्या कवाच गेल्या." मी बसलो. रसाचा कॅन मागच्या सीटवर मामीच्या पायाशी आला.

आणि पहिल्याच चढाला बाईसाहेब तापल्या. बॉनेटच्या फटीतून वाफ, आतून खदखद. मामानं गाडी कडेला घेतली. "भाचं, पाणी घाल. कर्नलसाहेबास्नी फोन करून येतो, न्हाईतर त्यास्नी वाटंल बसली गाडी. हितं रेंज न्हाई." आणि तो शेजारच्या टेकाडावर चढायला लागला.

मी मागं वळलो. "मामी, पाणी न्हाई."

"आन् कॅन?"

"गाडी धुतली."

"दोन्हीनं?"

"डाग पडलं हुतं."

मामीनं माझ्याकडं बघितलं. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. (म्हणजे पाणी कुठंतरी होतंच, पण विहीर काही दिसत नव्हती.) टेकाडावर मामा एक हात कानाला लावून दुसरा हलवत होता. मामीची नजर पायाशी गेली. माझीही गेली. एका घरातल्या माणसांच्या डोक्यात वेडेपणाही एकदमच येतो.

"पातळ तर हाय," मी म्हणालो.

"गार बी हाय."

"उसात असतंय काय? पाणीच की."

"निव्वळ पाणी. माझ्या भावाला इचार, एवढी मोठी कढई आटवली की कुठं..." मामी थांबली. तिनं ते वाक्य पुरं केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मामा टेकाड उतरायला लागला होता. "घाल बिगीबिगी," ती म्हणाली. "बर्फ अडकला तर बोटानं दाब."

मी घातला. टॉवेलनं टोपण गच्च आवळलं.

"घातलं?" मामानं येऊन विचारलं.

"घातलं."

"सगळं?"

"सगळं."

पहिला मैलभर बाईसाहेब अशा पळाल्या की मामा गुणगुणायला लागला. मग टोपणाच्या फटीतून वाफ आली, आणि वाफेबरोबर वास.

मामानं नाक वर केलं. "गुळाचा वास येतोय."

"सीझन हाय मामा. गुऱ्हाळं चालू हैत."

"व्हय, ते बी खरं."

 तेवढ्यात मामीनं मागून माझ्या कानाशी तोंड आणलं. मामीचं लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं. कढई न बघता, नुसत्या वासावरून रस कुठवर शिजलाय ते तिला कळतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"पयली उकळी झाली," ती पुटपुटली. "आता मळी वर येणार. भेंडी पायजे हुती."

"भेंडी?"

"रानभेंडी रं. रस साफ करायला घालत्यात."

"मामी, आपण गूळ करत न्हाई."

"तू करत नसशील. त्यो हुतोय."

माझ्या कमरेला तिरुचीच्या दुकानाची किल्ली असते. गावाला येतानाही मी ती सोडत नाही. मी ती चाचपली. मामाला कळलं तर ही किल्ली दुसऱ्याच्या कमरेला जायला कितीसा वेळ?

"थांबून पाणी घालू या का?" मी हळूच विचारलं.

"टोपण उघडलं की त्यास्नी दिसंल. आन् थांबायचं तर अजिबात न्हाई. आच बंद झाली की थिजतंय. मग फोडूनच काढाय लागतंय."

म्हणजे थांबलो तर गूळ, आणि चालत राहिलो तरी गूळ, फक्त जरा उशिरा.

कऱ्हाडच्या अलीकडं काचेवर बारीक तांबूस थेंब बसायला लागले. मामानं वायपर फिरवला. थेंबांची एक छान, पारदर्शक, मधासारखी पट्टी झाली आणि तिच्यावर रस्त्याची धूळ येऊन चिकटली.

"हे काय चिकाट?"

"दंव असंल."

"भर दुपारी?"

"आवं, उसाचा भाग हाय," मामी मागून म्हणाली. हे उत्तर होतं का, हे मला अजून माहीत नाही, पण मामानं मान डोलावली.

मलकापूरपाशी आम्ही हायवेला लागलो. आता दोन्ही बाजूंना दुकानं, शोरूम, हॉटेलं. वास मात्र वाढलेला.

"हितं कुठलं रं गुऱ्हाळ?" मामानं विचारलं.

"फुडच्या ट्रकात गूळ असंल."

"मला सळ्या दिसत्यात."

"सळ्यांच्या खाली असंल."

मामानं माझ्याकडं वळून बघितलं. मी समोर बघत राहिलो. कानाशी मामी कुजबुजली, "काकवी झाली. आता तार सुटंल." तिच्या आवाजात काळजी होती, पण खोटं का सांगू, थोडा अभिमानही होता.

टोलनाक्यावर गाडी थांबणं भाग होतं. मामानं इंजिन चालू ठेवलं. खिडकीतला माणूस वाकला, नाक पुढं केलं आणि म्हणाला, "काका, काकवी कशी दिली?"

"कसली काकवी?"

दांडा वर गेला. मामानं गाडी काढली. "याला काय झालं?"

"उन्हानं हुतंय," मामी म्हणाली.

त्यानंतर इंजिनातून ठकठक ऐकू यायला लागली. मामाचे हात चक्रावर घट्ट झाले. त्यानं बाईसाहेबांशी बोलायला सुरुवात केली. "थोडं ऱ्हायलं, बाईसाहेब. एवढ्या बारीला माझी लाज राखा. लय नावं ठिवत्यात मला. गलाईवाला म्हणत्यात." हे तो आमच्यासमोर कधी बोलला नव्हता. मला इतकं भरून आलं की सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तेवढ्यात मामीनं मागून माझ्या खांद्यात नखं रुतवली. "गोळीवर आलंय, गूळच झाला म्हण," ती म्हणाली. "आता हाललास तर बघ."

साताऱ्यात, किल्ल्याखालच्या मैदानावर फक्कीची रेघ मारलेली. बाकीच्या गाड्या रांगेत उभ्या. माणसं आमचीच वाट बघत होती. आमची म्हणजे, आमच्या ट्रॅक्टरची. बाईसाहेब धापा टाकत, ठकठकत रेघेवरून पलीकडं गेल्या आणि एक ढेकर देऊन बंद पडल्या.

टाळ्या झाल्या. मामानं उतरून बाईसाहेबांना हात जोडले. मी उतरलोच नाही.

मग क्लबाच्या रिवाजाप्रमाणं कर्नलसाहेबांनी बॉनेट उघडलं. त्यांच्या आधी मधमाशा आत गेल्या. कुठून आल्या देव जाणे, पण आल्या त्या घोळक्यानं, आणि पणजोबांच्या गाड्यांचे वारसदार चारी दिशांना पांगले. कर्नलसाहेब जागचे हलले नाहीत. रुमाल गुंडाळून त्यांनी रेडिएटरचं टोपण फिरवलं. फिरेना. मग त्यांनी आणि मामानं मिळून फिरवलं. 'फट्' करून निघालं आणि आतून तांबडा, चकाकणारा फेस सावकाश वर आला.

"पाटील," कर्नलसाहेब म्हणाले, "ये क्या डाला है?"

मामानं माझ्याकडं बघितलं. मी मामीकडं बघितलं. मामीला बघायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती बोलली, "माझ्या भावाच्या गुऱ्हाळाचा हाय. तुमच्यासाठीच आणला हुता."

कर्नलसाहेबांनी फेस निवू दिला, बोटाचं टोक बुडवलं आणि जिभेला लावलं. परत एकदा बुडवलं, परत लावलं.

"आलं आहे," ते म्हणाले.

"लिंबू बी हाय," मामी म्हणाली.

"रूल काय आहे? स्वतःच्या इंजिनावर पोचली पाहिजे. पोचली. आत काय घालायचं, ते रूलमध्ये लिहिलेलं नाही. पाटील, मेंबरशिप कायम."

सगळे हसले. मामा हसला नाही. तो माझ्याकडं चालत आला. मी कमरेची किल्ली सोडली आणि न बोलता पुढं केली.

"ही कशाला?"

"दुकानाची हाय."

"मग दुकान कोन उघडणार? बाईसाहेब?" मामानं किल्ली माझ्या मुठीत परत दाबली. मग आवाज उतरवून विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

"गाडी धुतली."

"सगळ्या पाण्यानं?"

"डाग पडलं हुतं."

मामानं बाईसाहेबांकडं बघितलं. बॉनेटवर मधमाशा, काचेवर चिकाट, टोपणाखाली ओघळ. "विट्याला लय झकास दिसत हुती," तो म्हणाला.

माझी रजा साताऱ्यातच संपली. एका शेडमध्ये मी रोज गरम पाणी ओतायचो आणि खालून सरबत काढायचो. जत्रा हुकली. मुंग्यांनी तर बाईसाहेबांकडं कायमचं बिऱ्हाड केलं.

पण क्लबानं नियम सुधारला. आता प्रत्येक सहलीआधी रेडिएटरमधलं पाणी तपासलं जातं, आणि तपासायचं म्हणजे चाखायचं, असं कर्नलसाहेबांचं मत पडलं. या कामाला अनुभवी माणूस हवा म्हणून मामानं माझं नाव सुचवलं. त्यामुळं मोठी सहल असली की मी तिरुचीहून रजा काढून येतो, छातीला बिल्ला लावतो आणि एकेका गाडीसमोर चमचा घेऊन उभा राहतो. (काहीजण हल्ली पाण्यात हिरवं औषध, म्हणजे कूलंट, घालतात, ते नुसतं हुंगतो.) गंजाची चव आता मला गाडीवार ओळखता येते. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या लोकांच्या क्लबात पद मिळालं, हेही मामाचेच उपकार.

बाईसाहेबांचं पाणी मी सगळ्यात शेवटी चाखतो. ते अजून किंचित गोड लागतं. मामा श्वास रोखून माझ्या तोंडाकडं बघत असतो, मामी दुसरीकडं बघत असते, आणि मी चमचा पुसत गंभीर चेहऱ्यानं जाहीर करतो, "पाणीच हाय."