दारू, पण शोभेची

भांडुपला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी गुणाजी परबांच्या मुलीचा, अपूर्वाचा, लग्नाचा बायोडाटा मी तीनदा टाईप केला आणि बदलत राहिली ती एकच ओळ. वडिलांचा व्यवसाय. त्या एका ओळीनं माझं जेवढं डोकं उठवलं, तेवढं सोसायटीच्या नोटिशींनीही कधी उठवलं नाही.

गुणाजी आमच्याच गल्लीत राहतात. वडील गिरणीत होते, पण कोकणातल्या देवळाच्या जत्रेत शोभेची दारू उडवायचं काम आजोबांपासून त्यांच्या घरात आहे. आता ते एका परवानेवाल्या ठेकेदाराकडे मुख्य कारागीर आहेत. जत्रा असो, लग्न असो, आपण वर आभाळात बघून वा वा म्हणतो तेव्हा खाली अंधारात हा माणूस वाती लावत असतो. उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी चिकटलेली. वय त्रेसष्ट आणि स्वभाव असा की चहा गार मिळाला तरी हॉटेलवाल्याच्या सात पिढ्या काढतील.

पहिल्या वेळी मी सरळ लिहिलं, ‘शोभेची दारू’. बायोडाटा घाटकोपरच्या एका घरी गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. मध्यस्थ रत्नप्रभाबाई म्हणाल्या, दारूच्या धंद्यातलं घर त्यांना नको. शोभेची दारू म्हणजे त्यांना वाटलं, लोक कपाटात शोभेला बाटल्या ठेवतात त्या. आता काय बोलायचं? ज्यांच्या आज्या जत्रेतली दारू बघायला चार कोस चालत गेल्या, त्यांच्या नातवंडांना दारू म्हटलं की फक्त बार आठवतो.

अपूर्वा तडक दुकानात आली. ती मुलुंडला एका लॅबमध्ये रक्त तपासते, हुशार आहे. “नीलममावशी, तिथे पायरोटेक्निक्स टाक,” म्हणाली. स्पेलिंग चुकू नये म्हणून मी डिक्शनरी काढली. अर्थ दोन होते. एक, शोभेच्या दारूचा खेळ, आतषबाजी आणि तिची कला. दुसरा, बोलण्याचा नाहीतर संतापाचा झगमगाट. आणि शेवटचा ‘स’ काढायचा नाही.

दुसरा अर्थ संध्याकाळी स्वतःच दुकानात आला. हातात तो कागद.

“दारूक दारू नाय म्हणूची, तर काय म्हणूचा?” गुणाजी म्हणाले. “ह्यो हात माझो पायरोन भाजलो काय?”

बरोबर तेच होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मीच शहाणपणा केला. मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे, शब्दानं काय बिघडतं, असं म्हणून त्यांना गप्प केलं. पोरीचं लग्न आपल्यामुळे अडलंय म्हटल्यावर तो तापट माणूस एकदम विझला. कागदाची घडी करून निघून गेला. मला अजून त्याची लाज वाटते.

नव्या बायोडाटावर मुलुंडहून लगेच फोन आला. मार्तंडराव, सुनंदाताई आणि त्यांचा मुलगा देवव्रत रविवारी बघायला येणार होते. अपूर्वानं वडिलांना दोन दिवस तो शब्द घोकायला लावला आणि दारू हा शब्द तोंडातून काढायचा नाही, अशी तंबी दिली. इंग्रजीच्या आधाराला म्हणून मला बसवलं.

गुणाजी उजवा हात डाव्याखाली झाकून बसले होते. कांदेपोहे घेताना तो दिसलाच. सुनंदाताईंनी काळजीनं विचारलं, हाताला काय झालं? गुणाजींनी मुलीकडे बघितलं आणि शिकवलेला तेवढा एकच शब्द काढायला गेले. “पायरो…” म्हणाले आणि अडकले.

“पायरिया?” सुनंदाताई म्हणाल्या. “पण तो हिरड्यांना होतो ना?”

मार्तंडराव गंभीरपणे सांगू लागले की त्यांच्या भावाला पायरिया झाला होता, सगळे दात काढावे लागले. गुणाजींच्या बायकोनं घाबरून सगळ्यांना पुन्हा पोहे वाढले. खरं तर मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात घास होता. गुणाजींनी मान खाली घातली आणि हात पुन्हा झाकून घेतला.

ते अपूर्वानं पाहिलं.

“पायरिया नाही,” ती म्हणाली. “दारूनं भाजलाय तो हात. शोभेच्या दारूनं. मी सहा वर्षांची होते. जत्रेत पेटलेला बाण आडवा पडला, बायका बसल्या होत्या त्यांच्याकडे तोंड करून. बाबांनी तो हातानं उचलून वळवला. आणि मी त्यांना सांगितलं, हा शब्द बोलू नका.”

मार्तंडराव वैतागून म्हणाले, “अहो, मग शोभेची दारू असं सरळ लिहायचं ना. आमच्या वरातीत उडवली होती. चार दिवस त्या इंग्रजी शब्दावर डोकं फोडतोय आम्ही. देवव्रतला वाटलं, विमानाचं काहीतरी असेल.”

मला ती पोह्यांची बशी स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यावीशी वाटली.

गुरुवारी होकार आला. नातेवाइकांना दाखवायला त्यांनी बायोडाटा नीट दुरुस्त करून मागितला होता. या वेळी दुकानात बाप-लेक दोघं आले. मी ओळ पुन्हा पहिल्यासारखी केली आणि प्रिंट काढून गुणाजींच्या हातात दिली. त्यांनी उजव्या हातानं घेतली, लांब धरून वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. आता आणखी काय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

“दारू इतकी बारीक कित्याक?” ते म्हणाले. “मोठी कर. लोकांका दिसाक व्हयी.”