जिवंतपणी हुतात्मा

आमच्या सोलापुरात हुतात्मा हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. चौकाला तो, बागेला तो, पुण्याला जाणाऱ्या गाडीलाही तोच. त्यामुळे वस्तीतल्या मंडळानं युद्धात लढलेल्या आपल्या सैनिकांचं स्मारक बांधलं, तेव्हा दगडावरच्या पाचही नावांआधी 'हुतात्मा' कोरताना कुणाचा हात अडखळला नाही. पाचांतला एकच लढाईत गेला होता. तिघं म्हातारपणानं गेले. पाचवे माझे वडील, आबा. ते अनावरणाला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते.

पडदा सरकला, टाळ्या पडल्या. आबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेवढ्यात निवेदकानं 'वीरपत्नीं'ना मंचावर बोलावलं. आई गेली. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. तबक घेतलेल्या बाई मंचावरच्या पाहुण्या बायकांना हळदकुंकू लावत आल्या, आईपाशी थबकल्या आणि नुसता नारळ हातात देऊन पुढे सरकल्या. नवरा समोर बसलेला! घरी येऊन आईनं भाजी करपवली. त्या बाईंचा मला अजून राग येतो. डोळे होते ना त्यांना?

आबांचं दुखणं वेगळं होतं. ते फौजेत ट्रक चालवायचे. त्यांचा जोडीदार, आमच्याच वस्तीतला, लढाईत त्यांच्या शेजारच्या सीटवर गेला. दगडावर पहिलं नाव त्याचंच. दुसऱ्या दिवशी आबा मला घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले.

"माझ्या नावाम्होरचा शब्द काढा," आबा म्हणाले.

"काका, मान वाढवलाय की तुमचा! लई मोठा शब्द हाय."

"मोठा हाय म्हणूनच सांगतोय. तो त्याचा हाय. त्यानं जीव दिला, मी पेन्शन खातोय. आमच्या दोघांत फरक ठेवा."

अध्यक्ष हसले. खोडलं तर वाईट दिसेल, पुढच्या वर्षी नवा दगड बसवू, म्हणाले. पुढच्या वर्षी रंगरंगोटी झाली, दिव्यांच्या माळा लागल्या आणि पायथ्याशी अध्यक्षांच्या नावाचा नवा दगड बसला. तो मात्र लगेच मिळाला. आबा भेटतील तेव्हा विचारायचे, उत्तर ठरलेलं, 'बघू की'. शेवटी ते दूध आणायला लांबच्या गल्लीनं जाऊ लागले. जोडीदाराच्या नावापुढं उभं राहायची लाज वाटते, म्हणायचे. चूक मंडळाची आणि मान खाली माझ्या बापाची.

यंदा आबा गेले. साखरेच्या आजारानं, घरच्या खाटेवर. अध्यक्ष सांत्वनाला आले. निघताना चपला घालता घालता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता दगडाचं काय राह्यलं न्हाय. बरोबरच झालं की ते."

माझं डोकं सणकलं. "कुटं बरोबर झालं?" मी म्हणालो. "आमचे आबा खाटेवर गेलेत. तो शब्द अजूनबी त्यांचा न्हाय."

"ते आता कुणाला कळणार हाय?" अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी गाडी चालू केली.