शटरची डावी बाजू

माझ्या बायकोनं, शांतानं, अन् मी शेवटचं संगं केलेलं काम म्हणजे रिक्षा ठेवायच्या गाळ्याच्या शटरला ग्रीस लावणं. ती डबा धरून म्हणाली, "डावी बाजू सोडा. करकरलं की कळतं तुमी आले, मग चहा ठेवते."

"शटर हाय का सनई?" म्हणत मी ती बाजू सोडली. आठवड्यात ती गेली. नऊ वर्षं झाली. तवा हसलो, आता कळतं, ती दिवसभर त्या आवाजाची वाट बघायची.

काल मिस्त्रीनं शटरची झिजलेली स्प्रिंग बदलली. ग्रीसचा वास आला तसं मी म्हणलं, "डावीकडं लावू नको." सुनेनं कारण विचारलं, तर पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

आज सकाळची फेरी मारून आलो, शटर वर केलं. करकरलं.

"मामा, चहा ठेवू?" आतून सून.

म्हणलं, "बस तू." अन् दोघांचा मीच ठेवला.