शिवम्माची हाक

लातूरचा जिल्हा नवा झाला तेव्हा औशाच्या आसपासच्या लोकांना वाटलं, आता सगळं हाताशी आलं. कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या. वीज मात्र तिला वाटेल तेव्हाच यायची, आणि पुढं दुष्काळ तर कुणाला न विचारताच आला. त्या दुष्काळात गुरुबसप्पाची ज्वारी पोटरीत होती, कणीस अजून बाहेर पडायचं होतं. एक पाणी बसलं तर दाणा, नाहीतर नुसता कडबा.

विहीर तिघांची: गुरुबसप्पा, त्याचा चुलतभाऊ माणिकप्पा आणि बांधाशेजारचा किशनराव. आधी मोटारीही तीन होत्या. वीज आली की तिन्ही एकदम सुरू व्हायच्या, घटकाभरात विहिरीचा तळ दिसायचा आणि तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. शेवटी शहाणपण सुचलं. दोन मोटारी काढून ठेवल्या आणि बारी लावली. शेवटच्या वाफ्याला पाणी लागलं की मोटार बंद करायची. विहिरीत उरेल ते पुढच्याचं.

पण ज्वारी डोक्याला लागलेली. विहिरीवरच्या माणसाला शेवटचा वाफा दिसणार कसा? तिथं गुरुबसप्पाची बायको शिवम्मा उभी राहायची. अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. वाफ्यावाफ्याची दारं धरत, पाणी वळवत ती टोकाला जायची आणि पाणी पोचलं की ओरडायची, "ओऽ, बास करा हो!" लगेच गुरुबसप्पाचं बोट लाल बटनावर. तिघांच्याही बारीला हाक तिचीच. किशनराव चेष्टा करायचा, "वैनी, तुमच्या आवाजानं औशाची लाईट जाईल एखांद्या दिवशी."

येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा शेतातला सण, तोंडावर आली असताना शिवम्मा तापानं गेली. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे तिला शेतातच बसवून माती दिली. गुरुबसप्पा रडला नाही. चहा दिला, तो प्यायला. ऊठ म्हटलं, उठला. बायका म्हणाल्या, लई घट्ट माणूस. घट्ट कसला? बधिर झाला होता बिचारा. आत काही हालतच नव्हतं, दुःखसुद्धा.

मग त्याची बारी आली. त्यानं सगळ्या वाफ्यांची दारं आधीच मोडून ठेवली, मोटार सुरू केली आणि नेहमीसारखा बटनाशी बसून राहिला. शेवटचा वाफा भरला, बांध फुटला, पाणी गाडीवाटेवर आलं. ओली वाट बघून माणिकप्पा पळत सुटला. विहिरीत नुसता चिखल होता आणि मोटार कोरडीच घरघरत होती. त्यानं झडप घालून बटन दाबलं.

"अण्णा, काय करायलात? किशनरावची बारी गेली की! ध्यान कुठं हाय?"

"आजून हाक आली न्हाई," गुरुबसप्पा म्हणाला.

माणिकप्पानं खोरं उचललं आणि फुटलेला बांध घालायला गेला.

किशनरावच्या ज्वारीची पानं आधीच वळायला लागली होती. ऐन दुष्काळात शेजाऱ्याचं पाणी आपण वाटेवर सांडलं, हे गुरुबसप्पाला कळत होतं. पण त्याची साधी लाजही वाटेना, आणि याचीच त्याला भीती वाटली.

पाझरानं विहीर हळूहळू भरत आली तेव्हा किशनराव दारात येऊन उभा राहिला. झाल्या गोष्टीबद्दल त्यानं एका शब्दानंही बोल लावला नाही.

"आप्पा, आज माझ्या रानात टोकाला तुमी उभं ऱ्हावा. मोटारीवर मी बसतो."

"मला वरडाया येत न्हाई."

"मग पुन्यांदा पाणी वाटंवर जाईल," म्हणत किशनराव विहिरीकडे निघूनही गेला.

गुरुबसप्पा टोकाला जाऊन उभा राहिला. पाणी एकेक वाफा भरत आलं, शेवटच्या वाफ्यात शिरलं, त्याच्या पायाला लागलं. गार होतं. ओरडायला तर हवं होतं, पण काय म्हणून? किशनरावला नावानं हाक मारायचंही त्याला सुचेना. या जागेवरून द्यायची एकच हाक त्याला ठाऊक होती.

"ओऽ, बास करा हो!"

तिकडं मोटार थांबली, आणि गुरुबसप्पा त्या भरल्या वाफ्यातच बसून रडायला लागला.